सल्फाची गोळी आणि बेलभंडारा

आजकाल दवाखान्यात गेलं की औषध लिहून देण्याआधी डॉक्टर विचारतो, "आजी, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" मी इतक्या मोठ्यानं उत्तर देते की बाहेर बाकावर बसलेली माणसं माना वळवून बघतात. "सल्फा! सल्फाची गोळी मला चालत नाही. लिहा. ठळक लिहा." बरोबर आलेल्या नातीला लाज वाटते. आजी, हळू बोल, डॉक्टर बहिरे नाहीत, असं ती म्हणते. नसतील. पण हे एक वाक्य हळू बोलायचं नाही असं मी फार पूर्वी ठरवलंय, आणि का ठरवलं ते आज एकदाचं लिहून टाकते. इतक्या वर्षांत राग निवला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं पुढं वाचावं.

माझं माहेर कृष्णेकाठचं. उसाची जमीन, दावणीला जनावरं, थोरला भाऊ लामावर, म्हणजे लढाईच्या आघाडीवर. दुसरी मोठी लढाई चालू होती आणि गावातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी पलटणीत होतं. मी तेव्हा परकर-पोलक्यातली पोर, पण अंगानं थोराड, त्यामुळं आईला माझ्या लग्नाचा घोर आधीच लागलेला. त्या हिवाळ्यात आमचं गुऱ्हाळ लागलं होतं. चुलवणाच्या धगीतून उठून तशीच गार वाऱ्यात जायची, घामाच्या अंगानं पाणी प्यायची. व्हायचं ते झालं. ताप भरला, खोकला लागला, श्वास घेतला की बरगडीत कळ उठायची.

वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गुऱ्हाळ भावकीच्या हवाली केलं, मला गाडीत घातलं आणि आगगाडीनं मिरजेला नेलं. पोरीच्या जातीसाठी गुऱ्हाळ सोडून मिरज गाठणारा बाप त्या काळी आमच्या गावात दुसरा नव्हता. हे मी आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की हिचा बाप मुळातच कसाई होता. नव्हता. म्हणून तर राग जास्त येतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि न्युमोनिया आहे म्हणाले. नव्या निघालेल्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. गोळीमागं तांब्याभर पाणी प्यायचं असा हुकूम. ताप उतरला, कळ गेली, आईनं सिद्धनाथाला नारळ बोलला. आणि आता घरी सोडणार म्हणेपर्यंत माझ्या अंगावर लाल पुरळ उठलं. आधी पोटावर, मग हातापायांवर. खाजवून खाजवून मी कातडं सोललं. ओठ सुजले, तोंडात फोड आले, गेलेला ताप परत आला.

नर्सबाई म्हणाली, गोवर. डॉक्टर मात्र खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. हिला लहानपणी गोवर झाला होता का, असं त्यांनी आईला विचारलं. झाला होता, आम्हा दोघी बहिणींना एकदमच. घरातल्या, वॉर्डातल्या आणखी कुणाच्या अंगावर असं उठलंय का? नाही. हिच्या पोटात नवीन काय गेलं? डाळ, भात, दूध, पाणी तेच. नवीन एकच, ती गोळी. छाती साफ झालीच आहे, तेव्हा गोळी थांबवू आणि बघू, असं ते म्हणाले. बाकी काही बदललं नाही. अन्न तेच, खाट तीच, पाणी तेच. गोळी थांबली आणि थोड्याच दिवसांत पुरळ काळं पडून ओसरायला लागलं.

निघायच्या दिवशी त्यांनी आबांना, आईला आणि मला समोर बसवलं. आवाज कोरडा होता, पण शब्द मला आजही तसेच ऐकू येतात. "ह्या गोळीचं नाव सल्फा. मुली, म्हण बघू." मी म्हटलं. "परत म्हण." परत म्हटलं. "ही गोळी वाईट नाही, हिनंच तुला वाचवलं. पण तुझ्या अंगानं आता तिच्याशी वैर धरलंय. पहिल्या वेळी अंगाला ओळखायला वेळ लागला. दुसऱ्या वेळी लागणार नाही. लगेच उठेल, आणि जास्त उठेल. जीवावर बेतेल." मग आबांकडं वळून म्हणाले, "हे गावभर सांगा. सासरी गेली की तिथंही सांगा. हिला बोलता येणार नाही अशा वेळी कुणीतरी सांगायला पाहिजे."

आबांनी हात जोडले. व्हय म्हणाले. आणि स्टेशनाकडं जाताना टांग्यात, टांगेवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात आईला म्हणाले, "ह्यातलं एक अक्षर भायेर पडता कामा नये. पोरगी खपायची हाय."

खपायची! गूळ खपवावा तशी. औषध न सोसणारी पोर म्हणजे अंगात खोट असलेली पोर. आज गोळी चालत नाही, उद्या अन्न चालायचं नाही, परवा मूल चालायचं नाही, असं लोक म्हणतील, ही त्यांची धास्ती. आणि ती अगदीच खोटी नव्हती, हेही मला ठाऊक आहे. मुलगी बघायला आलेली माणसं तिला चालायला लावायची, बोलायला लावायची, केस सोडून बघायची. बैल घेताना दात बघतात तसं सगळं व्हायचं. पण म्हणून पोरीच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट गिळून टाकायची?

घरी आल्यावर आईनं मला न्हाऊ घातलं, देवघरापुढं बसवलं आणि माझ्या तळहातावर बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट ठेवली. आमच्याकडं बेलभंडारा उचलला की तो शब्द मोडायचा नसतो, मोडला तर देव घरावर कोपतो. "म्हण, गोळीचं सासरी कुणाला सांगणार न्हाई." मी म्हटलं. न म्हणून काय करणार? भाऊ लामावर होता. मी शब्द मोडला आणि त्याला काही झालं तर? आईनं तेही बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाला गावभर सांगा, आणि ह्यांनी पोरीच्याच तोंडाला कुलूप घातलं.

पुढच्याच लगीनसराईत मला दिली. कुठं दिली? माणदेशात, म्हसवडच्या अलीकडं. कृष्णाकाठची माणसं तिकडं पोर देत नसत. तिथं पाणी नाही, ऊस नाही, नजर जाईल तिथवर माळ, बाभळी आणि मेंढरं. पण आमच्या पंचक्रोशीत मी मिरजेला दवाखान्यात पडले होते हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिकडं कुणालाच नव्हतं. लोक आबांना म्हणायचे, काय हो, पोर दुष्काळात दिली? आबा म्हणायचे, घराणं बघितलं.

घराणं खरंच चांगलं होतं, त्यात खोट नाही. सासरे पहिल्या लढाईतले सुभेदार, आता पेन्शनीवर. मी त्यांना मामंजी म्हणायची. पहाटे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून माळावर शेळ्या वळायला जायचे. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तोंडानं फटकळ पण हातानं सढळ. नवरा पलटणीत, लग्नाची हळद उतरायच्या आधी परत गेलेला. आम्ही तिघंच घरात, आणि बरं चाललं होतं.

माणदेशातल्या बाभळीचा काटा काय असतो ते कृष्णाकाठच्या पोरीला ठाऊक नव्हतं. सरपणाला गेले आणि वहाणेतून आरपार टाचेत घुसला. आत्याबाईंनी काढला, बिब्बा घातला, पण टोक आत राहिलं. पाय सुजत घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत. टाच तटतटली, जांघेत गाठ आली, ताप चढला. मामंजी उठले, साताऱ्याला फौजी दवाखान्यात आपल्या ओळखीवर गेले आणि पुडी घेऊन आले. ओसरीवरूनच ओरडले, "सूनबाई, आता भ्यायचं न्हाई. सल्फा आनलीया!"

माझं तापलेलं अंग गार पडलं.

मी रात्रभर, नव्हे, फार तर चूल विझेपर्यंत विचार केला असेल. एकीकडं बेलभंडारा आणि लामावरचा भाऊ, दुसरीकडं मिरजेचा तो कोरडा आवाज. मग आत्याबाईंचा पदर धरला आणि सगळं सांगून टाकलं. देवाला कोपायचं असेल तर कोपू दे, मला जगायचं होतं.

आत्याबाई चपापल्या. त्यांनी मामंजींना सांगितलं. मामंजी काही वाईट बोलले नाहीत, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लामावर ह्याच गोळीनं मरायला टेकल्याली मानसं उठून बसत्यात, असं पोरगा सांगत हुता. आन हिला चालत न्हाई? आसं कुटं आसतंय व्हय? सोयरीक ठरताना इवाई तर काय बोलला न्हाई." फौजी माणूस. खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि खात्री झाली की मागं घ्यायचं नाही. त्यांनी आबांना बोलावणं धाडलं. तोवर गोळी दिली नाही, आळशीची पोटिसं बांधली. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आता बाप येणार आणि सांगणार. बाप आहे तो, गुऱ्हाळ सोडून मिरजेला नेणारा.

आबा सर्व्हिस मोटारीनं आले. सोप्यात घोंगडं अंथरलं, चहा झाला. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून पडले होते. मधे फक्त कुडाची भिंत. मामंजींनी आडपडदा न ठेवता विचारलं, "पाव्हणं, पोरगी म्हनतीया, ही गोळी तिला चालत न्हाई. मिरंजला कायतरी झाल्तं म्हनं. खरं का?"

आबा हसले. ते हसू माझ्या कानातून अजून जात नाही. "छ्या! आसलं काय न्हाई. न्हानपनापासनं कडू औशिदाला भ्येती. कायबी सबबी सांगती. तुमी द्या खुशाल."

मी आतून हाक मारली, "आबा!" ते आत आले, कपाळावर हात ठेवला, "बरं वाटंल हां" म्हणाले आणि डोळे माझ्याकडं न वळवता बाहेर गेले. परतीची मोटार चुकायला नको होती ना! गेलेसुद्धा.

आता माझ्या शब्दाला कोण विचारतो? नवी सून खोटारडी ठरली, वर बेलभंडारा मोडून खोटारडी. आत्याबाईंनी गोळी आणली. मी दात आवळून धरले. दारात उभे राहून मामंजी म्हणाले, "बापावर इस्वास न्हाई, तर मग कुनावर?" ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते सुनेनं देण्यासारखं नव्हतं. मी गोळी गिळली.

दिवेलागणीला तळहात खाजायला लागले. सकाळी आत्याबाईंनी मला बघितलं आणि हातातली चरवी खाली ठेवली. अंगभर लाल डाग, डोळे मिटलेले, ओठ फुगून फुटलेले, तोंडात सगळीकडं फोड. थुंकी गिळता येईना, मग बोलायचं कुठून? डॉक्टर म्हणाला होता, हिला बोलता येणार नाही अशा वेळी कुणीतरी सांगायला पाहिजे. ती वेळ आली होती, आणि सांगणारा मोटारीनं घरी पोचला होता.

आत्याबाईंनी माझ्यापुढं हात जोडले आणि म्हणाल्या, "बाया आल्यात."

बापानंच मला खोटं पाडल्यावर गोळीचा संशय कुणाला येणार? आमच्याकडं देवी, गोवर, अंगावर फुटणारं काहीही, त्याला बाया आल्या म्हणतात. त्या पाहुण्या. त्यांचा मान ठेवायचा. लगेच दाराला लिंबाचा डहाळा लागला, घरातली फोडणी बंद झाली, माझ्या खाली लिंबाचा पाला आला. बायका बघायला यायला लागल्या आणि माझ्या पाया पडायला लागल्या. मी मरणाच्या दारात, आणि शेजारीण माझ्या सुजलेल्या पायावर डोकं टेकवून पोरासाठी नवस बोलतेय! तोंड उघडत असतं तर मी तिला चावले असते.

पण एक झालं. मामंजी दुसरी गोळी घेऊन आले तेव्हा आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "बायांच्या अंगावर औशीद? पोरीचं डोळं घ्यायच्यात का? बाया जाईस्तवर घरात औशीद न्हाई म्हंजे न्हाई!" सुभेदारानं लढाई बघितली होती, पण ह्या बाईपुढं त्याचं काही चाललं नाही. गोळी कोनाड्यात गेली. आणि मी वाचले. मिरजेच्या डॉक्टरानं सगळं तपासून गोळी थांबवली होती. आत्याबाईंनी काहीच न समजता थांबवली. माझ्या अंगाला कारणाशी देणंघेणं नव्हतं. टाचेचा पू आपोआप फुटला, काट्याचं टोक बाहेर पडलं, ताप उतरला, हातापायांची कातडी सालपटं निघून गळायला लागली. जगले ते एका चुकीमुळं, आणि बरोबर सांगितलं होतं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. ह्याचा संताप मला दुखण्यापेक्षा जास्त झाला.

आणि धोका टळला नव्हताच. टाच अजून वाहत होती. मामंजी येता-जाता कोनाड्याकडं बोट करायचे. "बाया गेल्या की ऱ्हायलेल्या गोळ्या पुऱ्या करू. मधीच सोडायच्या न्हाईत, डॉक्टरनं बजावलंय." म्हणजे बायांची बोळवण झाली की माझी.

बोळवणीला माहेरची माणसं आली. आईनं दहीभात, खण-नारळ आणला, आबांनी गुळाची ढेप. सोप्यात पुरुष बसले, आत बायका बायांना शिवेवर पोचवायची तयारी करत होत्या. मला नुकतं धडपणे बोलता येऊ लागलं होतं. मी उठले, कोनाड्यातली पुडी उघडली, एक गोळी घेतली आणि लंगडत सोप्यात गेले. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरला नाही. सुनेनं असं पुरुषांत येऊन उभं राहायचं नसतं. मी राहिले.

"आबा, ही गोळी मला चालती ना?"

"अगं, आता हितं कशाला..."

"चालती का न्हाई, येवढंच सांगा."

त्यांनी व्याह्यांकडं बघितलं. "चालती की. न चालायला काय झालं?"

"मग तुमच्या हातानं माझ्या तोंडात घाला."

मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली, खाली बसले आणि तोंड उघडलं. आतलं मांस अजून लालच होतं. आई आतल्या दारात पदर तोंडात धरून उभी होती. आबांनी गोळी चिमटीत धरली. हात माझ्या हनुवटीपर्यंत आला. अंगठ्याच्या नखाला तंबाखूचा चुना लागला होता, इतक्या जवळ. तिथं तो हात थांबला.

"पाव्हणं," मामंजी म्हणाले, "घाला की."

आबांनी मूठ मिटली. "तिला अजून कसर हाय," म्हणाले. मग, "ऊन लय झालंय, निगाय पायजे."

मामंजींनी त्या मुठीकडं बघितलं. मग उठले, कोनाड्यातली पुडी घेतली, परसात गेले आणि उकिरड्यात खड्डा करून पुरून आले. परत येऊन आबांना एवढंच म्हणाले, "जेवून जावा." पानावर मात्र शेजारी बसले नाहीत.

बायांची बोळवण झालीच, स्वयंपाक केलेला होता. पण शिवेवरून परतताना आत्याबाईंनी बायकांना सांगितलं, बाया नव्हत्या, गोळी होती. पुढं कासार आला, देवी टोचणारा आला, टपाल घेऊन कुणी आला, की त्या दारातूनच ओरडायच्या, "आमच्या सूनंला ती सल्फाची पांढरी गोळी चालत न्हाई बरं का!" कुणाच्या तोंडावरची माशी हलली नाही. सोयरीक मोडली नाही, नवऱ्यानं टाकलं नाही, लामावरचा भाऊही धडधाकट परत आला. ज्या एका वाक्यासाठी माझा जीव पणाला लावला होता, ते वाक्य गावानं चहाबरोबर ऐकून घेतलं.

आबांशी मी पुढं बोलले, सणावाराला गेले, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात पाय चेपले. पण माफ केलं नाही, आणि आता ते करायचं वय उरलेलं नाही. त्या दिवसापर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते की आबा विसरले असतील. उसाच्या धांदलीत, पोराच्या काळजीत मिरजेचं बोलणं डोक्यातून निघून गेलं असेल. विसरलेल्या बापाला माफ करता येतं. पण ते विसरले असते, तर त्यांनी ती गोळी सरळ माझ्या तोंडात घातली असती.